कापगते सरांचा तवा

"कोनं घासला? माहा तवा कोनं घासला?"

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस, सकाळचे दहा, आणि डॉ. यादोराव कापगते आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून ओरडत होते. नुसतं 'ओरडत होते' म्हटलं तर त्यांचा अपमान होईल. वरच्या मजल्यावर भौतिकशास्त्राचा तराजू दोन मिलिग्रॅमनी हलला, सेक्टर सहाच्या बाजारात एका माणसाने पिशवीत घातलेली भेंडी उगाचच परत ठेवली, आणि तिकडे अहिवाऱ्याच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंग लावायला निघालेली माणसं 'झाला वाटतं' म्हणून माघारी फिरली. यातलं शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ते खोटं म्हणायला माझ्याकडे काही पुरावाही नाही.

सरांच्या समोर बिसाहिनबाई उभी होती. दसऱ्याच्या सुमारास नव्याने लागलेली, प्रयोगशाळेची झाडलोट आणि भांडी बघणारी. तिच्या हातात तो तवा होता. तवा म्हणजे खरा तवा नव्हे. जाड पोलादाचं, पाव लिटर दूध मावेल एवढं भांडं, वर आठ बोल्टांनी आवळायचं झाकण, त्यात वायू दाबाने भरायचे आणि आत रसायनं शिजवायची. पुस्तकात त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. सर त्याला तवा म्हणत, आणि लोखंडी तव्याचा जो नियम घरात असतो तोच त्यांनी इथे लावला होता: साबण नाही, घासणं नाही, नुसतं पुसायचं. वापरून वापरून आतून काळं झालेलं ते भांडं सुट्टीला जाताना त्यांनी बाकावर उघडं ठेवलं होतं आणि बाईंना हिंदीत सांगितलं होतं, "तवा देख लेना."

"देखेंव न, साहब," बिसाहिनबाई शांतपणे म्हणाली. "करिया दिखिस. उज्जर कर देंव."

पाहिला, काळा दिसला, उजळ केला. छत्तीसगढी न कळणाऱ्यालाही कळावं असं भांडं समोर होतं. चिंच आणि विटेचा चुरा लावून तिने ते असं घासलं होतं की बीएस्सीच्या दोन पोरांनी त्यात बघून भांग पाडला. दिवाळीला घरात काळं भांडं ठेवत नाहीत, एवढी साधी गोष्ट या मोठ्या सरांना कशी माहीत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

सर मटकन स्टुलावर बसले. "सहा वर्षांची कमाई होती बाई ते," ते म्हणाले. 

मी त्या प्रयोगशाळेत यंत्रं सांभाळायला होतो, म्हणून हे सांगायचा हक्क माझ्याकडे येतो. कापगते सर मूळचे साकोलीकडचे. वडील इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले म्हणून सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये वाढले, पुढे नेहरू नगरात घर बांधलं, आणि या सगळ्या प्रवासात त्यांनी स्कूटर बदलली नाही. ती स्कूटर इतकी जुनी होती की तिला किक मारली की आधी ती खोकायची, मग इकडेतिकडे बघायची, आणि मग सुरू व्हायचं की नाही ते ठरवायची.

जगात सरांच्या मते दोनच प्रकार होते, सरळ आणि वाकडं. यात नीतीचा काही संबंध नव्हता. कार्बनची एक साखळी घ्या, जिच्या टोकाला दुहेरी बंध आहे. तिला अल्कीन म्हणतात. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे दोन वायू सोडा, मध्ये रोडियमसारखा एखादा धातू मध्यस्थ ठेवा, की साखळीला एक नवा कार्बन चिकटतो. तो टोकाला चिकटला तर सरळ अल्डिहाइड, एक घर आत चिकटला तर वाकडं. सरळ जे निघतं त्याच्यापासून साबणाचा, प्लास्टिकचा, अत्तराचा माल होतो. वाकड्याचेही उपयोग असतात, पण ते सरांसमोर बोलायची सोय नव्हती. एकदा एका पाहुण्या प्राध्यापकाने वाकड्याची बाजू घेतली, तर सरांनी त्यांच्या चहात साखर टाकू दिली नाही.

मग धातूला शिस्त लावायची कशी? तर त्याच्या आजूबाजूला लिगँड नावाचे जाडजूड रेणू बसवायचे, म्हणजे साखळीला आत शिरायला जागाच राहत नाही, ती टोकानेच घुसते. ही सरांची सगळी विद्या. वर्गात फळ्यावर हे पोरांना कळेना, तेव्हा एके दिवशी सरांनी पंचवीसच्या पंचवीस पोरांना नेहरू नगर चौकात नेलं आणि दुर्गला जाणारा शेअर ऑटो थांबवला.

"तू रोडियम," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"नहीं साहब, मैं संतोष," ड्रायव्हर म्हणाला.

सरांनी चौकात नजर फिरवली आणि समोसे खात उभ्या असलेल्या दोन गृहस्थांना हात जोडले. दोघेही असे की एक ऑटोत बसला तर दुसऱ्याने चालत जावं. "भाऊसाहेब, पाच मिनिटं बसता काय? शास्त्रासाठी आहे." शास्त्रासाठी म्हटल्यावर कोण नाही म्हणतो? दोघे मागच्या सीटवर दोन टोकांना बसले. मग सरांनी वर्गातल्या सगळ्यात काटकुळ्या आणि लांब पोराला म्हटलं, "शिर आता." पोराने आडवं शिरून पाहिलं, तिरकं शिरून पाहिलं. शेवटी आधी पाय आत टाकून सरळ काठीसारखा घुसला.

"पाहिलं?" सर ओरडले. "टोकानंच गेला का नाई? यालेच म्हनते लिगँड!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. चौकातल्या भाजीवाल्यांनीही वाजवल्या. ऑटो मात्र तीन दिवस हलला नाही, कारण ते दोघे बाहेरच निघेनात. बरं, तीन दिवस नाही, पण अर्धा तास तरी गेलाच असेल. नंतर कितीतरी महिने त्या ऑटोच्या मागे पिवळ्या रंगात 'रोडियम' लिहिलेलं दुर्गच्या रस्त्यावर दिसायचं.

सरांची दुसरी गोष्ट पाढ्याची. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो आधी माणसाचं डोकं बिघडवतो. भिंतीवर अलार्म होता, पण सरांचा यंत्रापेक्षा माणसावर भरवसा. म्हणून नियम असा, की प्रयोग चालू असताना जो आत येईल त्याने सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. अडखळला की बाहेर. एकदा आमचे प्राचार्य कुण्या पाहुण्याला प्रयोगशाळा दाखवायला घेऊन आले.

"पाढा," सर म्हणाले.

प्राचार्य हसले. सर हसले नाहीत. प्राचार्य सतरा सक्कं एकशे दोनपर्यंत रुबाबात गेले, आणि सतरा सत्ते वर थांबले. पुढच्या क्षणी सरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, कडुलिंबाखाली आडवं केलं, पाय विटेवर ठेवले, कॉलर सैल केली आणि माझ्याकडून ऑक्सिजनचं सिलिंडर मागवलं. मी आत जाऊन अलार्म पाहिला. शून्य. गॅस नव्हताच. प्राचार्यांना पाढाच येत नव्हता. पण हे सरांना सांगायची हिंमत माझ्यात नव्हती आणि प्राचार्यांना सोयीची नव्हती. ते वीस मिनिटं मुकाट्याने ऑक्सिजन घेत पडून राहिले.

आता मुद्द्यावर येतो. रोडियम हा धातू सोन्याच्याही वर महाग, आणि कामाला फार हुशार. थोड्या दाबात, थोड्या उष्णतेत सरळ माल काढून देतो. कोबाल्ट स्वस्त, पण त्याला काम करायला अफाट दाब लागतो. साऱ्या जगाला हे माहीत आहे. सरांना ते मान्य नव्हतं.

"रोडियमले कोनीबी शिकवते," ते म्हणायचे. "हुशार पोट्ट्याले शिकवून मास्तरची काय कमाल? कोबाल्टले शिकवून दाखवा."

सुरुवातीला चारेक वर्षं त्यांनी त्या तव्यात रोडियमचे प्रयोग केले. मग अनुदान संपलं, रोडियमची कुपी संपली, आणि ते कोबाल्टवर आले. सोबत प्रणाली होती, त्यांची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी, जवळच्या सुपेल्याची. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि रागात दोन्ही. दोघांनी मिळून कोबाल्टभोवती बसवायला एक नवा जाडजूड लिगँड बनवला. आणि कोबाल्ट चालला! कमी दाबात, रोडियमसारखा, आणि माल जवळजवळ सगळा सरळ. सहा वर्षं चालत राहिला. परदेशातल्या एका नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. प्राचार्यांनी गेटवर फ्लेक्स लावला, त्यात सरांचा फोटो लहान आणि प्राचार्यांचा मोठा होता. प्रणालीच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण, म्हणजे प्रबंधाचा जीव, याच कोबाल्टवर उभा होता. तो देऊन टाकला की तिला पदवी, आणि सरांना मार्चअखेर मानाने निवृत्ती. असं सगळं जुळलेलं असताना दिवाळी आली आणि बिसाहिनबाईंनी तवा घासला.

घासलेल्या तव्यात पहिला प्रयोग केला. माझ्या ताब्यात एक यंत्र होतं, ते मालाचा नमुना घेतं आणि कागदावर डोंगर काढून देतं. सरळ मालाचा डोंगर एका ठिकाणी, वाकड्याचा दुसऱ्या ठिकाणी. त्या दिवशी कागद उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारखा सपाट आला. दुसरा प्रयोग, सपाट. तिसरा, सपाट.

"तव्याची आब गेली," सर म्हणाले. सगळ्यांनी मान हलवली. त्या दिवसांत बिसाहिनबाईकडे लोक असे बघायचे की तिने जणू कोणाचं लग्न मोडलं. ती आपली झाडू मारत होती.

चौथ्या दिवशी, की पाचव्या, प्रणाली वैतागून म्हणाली, "सर, इतना क्या टेन्शन? आपन पहिल्यासारखे रोडियमचे चार रन करू. कोणाकडून थोडंसं मागून आणू. तवा परत काळा होईन, मंग कोबाल्ट चालन."

सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. खडू थांबला.

"काय म्हटलं?"

"रोडियमचे चार रन करू. तवा काळा होईन. मंग कोबाल्ट..."

"पुन्हा म्हन."

"रोडियमनं तवा काळा होईन, मंग..." आणि ती तिथेच थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. तिने बाकावरच्या चकचकीत तव्याकडे पाहिलं.

तव्याला लागलेला तो काळा थर म्हणजे काय होता, हे तेव्हा आम्हा तिघांनाही एकदमच कळलं. चार वर्षांच्या प्रयोगांतलं रोडियम भांड्याच्या भिंतीला चिकटून बसलं होतं. वर कोबाल्ट टाकला काय आणि मीठ टाकलं काय, काम तेच करत होतं. धातू न टाकता कोरा प्रयोग सरांनी केलेला होता, नाही असं नाही. पण तो भांडं नवंकोरं असताना. त्यानंतर करायची गरज वाटली नव्हती.

पण कळणं वेगळं आणि ठरणं वेगळं. पुरावा पाहिजे, आणि पुरावा तर चिंच-विटेने मोरीत गेलेला.

सर उठले, बिसाहिनबाईकडे गेले आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले, "बाई, कुछ बचा है क्या घासने का?"

बाईला वाटलं, नवीन आळ. तिने कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. "ओमा ताला रिहिस, साहब." त्याला कुलूप होतं.

कपाटाची किल्ली सरांच्याच खिशात. आत जुनी रवी होती. रवी म्हणजे तव्यातलं मिश्रण ढवळणारा दांडा. सप्टेंबरात वाकला म्हणून सरांनी बदलला होता आणि वाकड्या वस्तूचं तोंड नको म्हणून कुलपात टाकला होता. काळाकुट्ट.

मी तो ठोकून सरळ केला. घासलेलं भांडं, घासलेलं झाकण, जुनी रवी. अल्कीन टाकलं, लिगँड टाकला, दोन्ही वायू भरले. धातू काहीच नाही. चार तास गरम ठेवलं. त्या चार तासांत सरांनी कोणाला पाढा विचारला नाही. थंड करून, दाब सोडून प्रणालीने वायू बाहेर ओढून नेणाऱ्या धूरखिडकीखाली बोल्ट काढले आणि झाकण उचललं.

संत्र्याच्या सालीचा वास आला. सरळ मालाचा वास तोच. सहा वर्षं तो वास आला की आम्ही पेढे मागवायचो.

"कोबाल्ट टाकला होता काय?" सरांनी विचारलं.

"नाई सर."

"चुकून?"

"नाई सर."

"थोडासा?"

"सर, डबीच नाही उघडली."

मी नमुना यंत्रात घातला. डोंगर आला. सरळ मालाच्या जागी, असा उंच की कागद अपुरा पडला. इतका सुंदर निकाल मी त्या यंत्रावर पुन्हा कधी पाहिला नाही. सर तो कागद घेऊन खिडकीशी उजेडात गेले. मग म्हणाले, "मस्त आहे," आणि खाली तारीख घालून सही केली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. मला कागद दाखवायला नेलं होतं, म्हणून मी ऐकलं.

"डॉक्टरसाहेब, या निबंधाबद्दल कोणी काही विचारलं का?"

"नाई."

"कोणाला कळलं का?"

"मले."

प्राचार्यांनी पंख्याकडे पाहिलं. "मार्चमध्ये तुमचा सत्कार आहे. शाल आणून ठेवली आहे. त्या मुलीचा तरी विचार करा. तवा परत काळा होऊ शकतो, असं ती म्हणत होती ना?"

हा माणूस सतरा सत्तेला अडखळला होता, पण या जागी तो अजिबात अडखळला नाही.

"तिचाच विचार करून राहिलो जी," सर म्हणाले. "तिच्या नावानं खोटं छापलं गेलं. माह्या हातानं."

निबंध मागे घेण्याचं पत्र सरांनी स्वतः लिहिलं. प्रणालीने खाली 'काही तांत्रिक कारणांमुळे' असं सुचवलं, तेव्हा त्यांनी ते खोडून 'भांडं घासल्यामुळे' असं घातलं. शेवटी इंग्रजीत काय गेलं मला माहीत नाही. पण पत्र टाकायच्या आधी ते बाईकडे गेले आणि म्हणाले, "पूरा नाम बताव."

बाईने हातातली बादली खाली ठेवली. "शिकायत हे का, साहब?"

"नाई. आभार हाय."

तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि तरीही पुढचे आठ दिवस ती सर दिसले की जिन्याखाली जायची. आभार नावाची नोटीस तिला आयुष्यात कधी आली नव्हती.

प्रणाली त्या महिन्यात दोनदा रडली आणि एकदा सरांवर ओरडली, ते ओरडणंही कमी नव्हतं. "सर, तुमचं तर संपलं, मी काय करू? छह साल मेरे भी गए!" सर दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला येऊन बसायला लागले. भांडं घासून, न घासून, रवी बदलून, झाकणाखालचं गॅस्केट बदलून, दोघांनी मिळून तीन महिन्यांत नवं चौथं प्रकरण उभं केलं. विषय एवढाच, की भांडं काय काय लक्षात ठेवतं आणि माणसाला कसं फसवतं. त्याच्या आभारात बिसाहिनबाईचं पूर्ण नाव आहे, गावासकट.

प्रणालीला पदवी मिळाली, हे आधीच सांगून टाकतो, उगाच त्या काळजीत वाचू नका. सरांनी शाल घेतली नाही, थंडी संपली म्हणाले, आणि साकोलीला निघून गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी.

नागपूरहून आलेले परीक्षक होते, मराठी, बारीक आवाजाचे, आणि असे कडक की त्यांच्या पुढ्यातला चहासुद्धा परवानगीशिवाय थंड होत नव्हता. पहिल्या रांगेत प्राचार्य, मागे आम्ही सगळे, दाराशी बिसाहिनबाई, आणि भिंतीला टेकून कापगते सर. मार्गदर्शकाने परीक्षेत बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते, जणू तोंड तिथेच बांधलेलं आहे. प्रणालीने दीड तास सगळं नीट सांगितलं. 

परीक्षकांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला.

"हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण तुम्ही लोकांनी सहा वर्षं कोबाल्टवर काम केलं. शेकडो वेळा तो भांड्यात टाकला. एक निबंध त्याच्या नावावर छापला आणि मागे घेतला. मग मला एवढंच सांगा, या सहा वर्षांत त्या कोबाल्टने नेमकं केलं काय?"

प्रणालीने फळ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. प्राचार्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. वरचा पंखाही मला वाटतं थोडा दबून फिरायला लागला.

कापगते सर भिंतीपासून पुढे आले. नियम मोडतोय हे त्यांना माहीत होतं, परीक्षकांनाही माहीत होतं. त्यांनी हात पुढे घेतले, शर्ट नीट केला, आणि त्या बाजारापर्यंत जाणाऱ्या आवाजाचा मागमूसही नसलेल्या आवाजात म्हणाले,

"काही नाही, सर. बसून होता."